काळ्या मातीच्या भरावातील ओल : चिकोडी भागातील एका गावरस्त्याच्या प्रकल्प नोंदी

काळ्या मातीच्या भरावावरचे रस्ते पावसाळ्यात खचतात, असे सर्रास म्हटले जाते. आमच्या भागातील अनुभव थोडा वेगळा आहे. भर पावसात भराव तग धरून राहतो आणि पाऊस उघडून उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, की दिवाळीच्या आगेमागे त्याची साइडपट्टी सुटते. मधल्या काळात पाणी भरावाच्या पोटात नेमके कोठे असते, हे मोजून पाहावे आणि त्यावरून दुरुस्तीची वेळ ठरवावी, एवढ्यासाठी हे काम हाती घेतले. ज्यांना आपल्या गावच्या भरावावर असेच काही करायचे आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून काय फसले, कशाला किती खर्च आला आणि वेळ कोठे गेला, हेही लिहिले आहे.

१२ फेब्रुवारी २०२४ : जागा

रस्ता कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यातील सदलगा भागातला आहे. दूधगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यावरील मोरीला तो दोन्ही बाजूंनी भरावावरून येऊन मिळतो. मोरीजवळ भरावाची उंची सव्वातीन मीटर आहे. बाजूंचा उतार आडव्या दीडास उभा एक असा आहे. काळ्या मातीला तो फार खडा होतो, दोनास एक तरी हवा होता. पश्चिमेला ओढ्याचे पात्र आणि बाभळीची रांग आहे, तर पूर्वेला भरावाच्या पायथ्याला लागूनच ऊस आहे. भरावासाठी माती ज्या खड्ड्यांतून उचलली, ते खड्डे अजून पायथ्याशीच आहेत आणि पावसाळ्यात त्यांत पाणी तुंबते.

साठ मीटर लांबीचे, प्रत्येकी वीस मीटरचे, तीन सारखे भाग पाडले आहेत. ‘अ’ भागाला हात लावायचा नाही. ‘ब’ भागाची पृष्ठभागापासून दुरुस्ती करायची. ‘क’ भागातील भेगा, गावात रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे, वाळूने बुजवायच्या.

गेल्या पावसाळ्याने दगा दिला. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि पुढे राज्यात दुष्काळ जाहीर झाला. त्याचा परिणाम भरावावर आत्ताच दिसतो आहे. एरवी एप्रिलमध्ये दिसाव्यात तशा, बोट आत जाईल एवढ्या रुंद भेगा साइडपट्टीवर फेब्रुवारीतच पडलेल्या आहेत.

११ मार्च २०२४ : परवानगी आणि माती

भरावात गिरमिटाने भोके पाडायची असली, तरी लेखी परवानगी घ्यावीच लागते. अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागतो आणि सोबत भोकांच्या जागा दाखवणारा नकाशा नसेल तर तो परत येतो. या ये-जा करण्यात जवळपास महिना गेला. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्यापूर्वी कागद हाती आला, हे बरे झाले. अन्यथा उन्हाळा हातचा गेला असता, आणि उन्हाळ्याच्या नोंदी नसतील तर पावसाळ्याच्या नोंदींचा अर्थ लागत नाही.

मातीची मुक्त फुगवण तपासली. ही चाचणी कोणालाही करता येण्यासारखी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यावी, एकात शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतावे, हवा निघून जाईपर्यंत ढवळावे आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. आमच्या मातीची पातळी रॉकेलमध्ये १० मिलिलिटरवर, तर पाण्यात १७ मिलिलिटरवर राहिली, म्हणजे फुगवण ७० टक्के. राष्ट्रीय महामार्गांच्या विनिर्देशांत ५० टक्क्यांहून अधिक फुगणारी माती भरावाला चालत नाही. गावरस्त्यांवर मात्र हाताशी असेल ती माती टाकली जाते आणि अशा भरावांवर आपल्या तालुक्यांतली बरीच वाहतूक आज चालते, त्यामुळे ‘ही माती वापरूच नये’ हा सल्ला आता उशिराचा आहे. आहे तो भराव सांभाळायचा कसा, हाच खरा प्रश्न आहे.

२२ मार्च २०२४ : नळ्या आणि मोजमापाची साधने

प्रत्येक भागात पाण्याची पातळी पाहण्यासाठी एक उभी नळी बसवली. एक इंची पीव्हीसी पाइपाच्या तळाकडील अर्ध्या मीटरला भोके, त्यावर जिओटेक्स्टाइलचे (माती अडवून पाणी जाऊ देणाऱ्या कापडाचे) वेष्टण, भोवती जाड वाळू आणि वाळूच्या वर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगून फट बुजवणाऱ्या चिकणमातीचा) गच्च थर, अशी रचना केली. वाळू, बेंटोनाइट, पाइप आणि मजुरी धरून तिन्ही नळ्यांना साडेपाच हजार रुपये लागले.

मातीची पाणी ओढून धरण्याची ताकद मोजायला द्राक्षबागांत वापरतात तसे टेन्शिओमीटर आणले होते. काळ्या मातीत ते टिकले नाहीत. साधारण ८० किलोपास्कलच्या पुढे त्यांच्या नळीतील पाण्याचा धागा तुटतो आणि आत हवा शिरते. वाळलेल्या काळ्या मातीची ओढ त्याच्या कितीतरी पट असते. दोन दिवसांत काटा शून्यावर आला, आणि तो आकडा तसाच टिपला असता तर भराव चिंब आहे असे वाटले असते. ही उपकरणे काढून तेथे जिप्सम ब्लॉक, म्हणजे विजेच्या रोधावरून ओल सांगणारे जिप्समचे ठोकळे, बसवले. ते अचूकतेत कमी आहेत, पण कोरड्या बाजूला निदान बोलतात तरी.

खरा भरवसा मात्र गिरमिट, हवाबंद अॅल्युमिनियमचे डबे आणि १०५ ते ११० अंशांवर चोवीस तास वाळवण यांवरच ठेवला. पुढील सर्व टक्केवाऱ्या कोरड्या मातीच्या वजनाशी तुलना करून काढलेल्या आहेत.

११ एप्रिल २०२४ : पहिले नमुने

पश्चिम बाजूस अर्ध्या मीटर खोलीवर ओल १३ टक्के, एका मीटरवर १९, दीड मीटरवर २४ आणि अडीच मीटरवर २९ टक्के आढळली. बाभळींच्या लगत दीड मीटरवर केवळ १८ टक्के मिळाली. मुळे खालची ओल उपसतात, त्यामुळे उन्हाळ्यात तेथील माती सर्वांत घट्ट असते आणि भेगाही तेथेच सर्वांत खोल जातात.

पूर्व बाजूचे आकडे पाहून नमुने अदलाबदल झाले की काय, असे वाटले आणि ते पुन्हा काढले. दीड मीटरवर ओल ३२ टक्के! कारण उघड आहे : पायथ्याशी उसाला पाटाने पाणी दिले जाते आणि ते भरावाच्या बुडात आडवे शिरते. एकाच भरावाची एक कूस भर उन्हाळ्यात कोरडीठाक आणि दुसरी पावसाळ्यासारखी ओली आहे. हंगामी हवामानाच्या जोडीला पाण्याची पाळीही मोजमापात धरावी लागते; ज्यांचा भराव कालव्याखालच्या किंवा उपसा सिंचनाच्या जमिनीतून जातो, त्यांनी हे आधीच गृहीत धरावे.

४ मे २०२४ : भेग किती खोल?

सहा मिलिमीटरची लोखंडी सळई भेगेत घातली, तर ती ६० ते ७० सेंटिमीटरवर अडते. भेग तेथे संपते असे मानू नये, कारण ती सरळ उतरत नाही, वळते. म्हणून ‘अ’ भागाच्या कडेला, हद्दीबाहेर, एका भेगेत चुन्याची पातळ निवळी ओतली. सुमारे दोन बादल्या निवळी भेगेने बिनबोभाट गिळली. दुसऱ्या दिवशी बाजूने चर खणून भरावाचा छेद उघडा केला.

काळ्याभोर मातीत चुन्याची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. वरून सुमारे ४० सेंटिमीटर ती जवळजवळ उभी उतरली होती, तेथे एका जुन्या मुळाच्या पोकळीत वळली होती आणि पुढे दोन फाटे फुटून एक मीटर दहा सेंटिमीटरपर्यंत पोहोचली होती. फाट्यांच्या मधले ढेकूळ हाताने फोडले, तर आत चुन्याचा थेंबही नव्हता आणि माती विटेसारखी कोरडी होती. म्हणजे पाणी मातीतून झिरपत खाली जात नाही, ते मातीला वगळून भेगेतून थेट मीटरभर खाली उतरते. या एका चरातून जे कळले, ते महिनाभराच्या आकड्यांतून कळले नव्हते. चराला जेसीबीचा एक तास, म्हणजे तेराशे रुपये, आणि पुन्हा भरून कुटण्याची मजुरी एवढाच खर्च आला.

१६ मे २०२४ : दुरुस्ती

‘ब’ भागाच्या साइडपट्ट्यांची आणि उताराची वरची ३० सेंटिमीटर माती उकरून ढेकळे फोडली, टँकरने पाणी मारून ती दोन दिवस मुरू दिली आणि पुन्हा दाबली. वर मुरमाचे ३० सेंटिमीटरचे कवच दोन थरांत दिले. मुरूम वाहतुकीसह ब्रासला अकराशे रुपयांनी पडला. पहिल्या थराची घनता कोअर कटरने (ठरावीक मापाचा नमुना कापून काढणाऱ्या पोलादी नळीने) पाहिली, तर प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या ८९ टक्केच भरली, कारण रणरणत्या उन्हात मुरमातील पाणी रोलर येईपर्यंत उडून जात होते. मग काम पहाटे आणि सायंकाळी केले आणि थर पसरल्याबरोबर दाबला; तेव्हा हवी असलेली ९५ टक्के घनता मिळाली. यात चार दिवस जादा गेले आणि रोलरचे भाडे तेवढे वाढले.

पूर्वेच्या शेतमालकांशी बोलून ‘ब’ भागापुरता पायथा आणि ऊस यांच्यामध्ये ६० सेंटिमीटर खोल चर काढला आणि त्याचा निचरा ओढ्यात सोडला. त्यांची उसाची एक सरी त्यात गेली, तरीही त्यांनी मोबदला घेतला नाही.

‘क’ भागातील भेगांत कोरडी वाळू भरली. वरून पाहता हेच काम सर्वांत नीटनेटके दिसते आहे.

२३ मे २०२४ : वळीव

काल सायंकाळी दोन तासांत ४६ मिलिमीटर पाऊस झाला. आज ‘अ’ भागात मुद्दाम जोडीने नमुने घेतले. भेगेला लागून एका मीटरवर ओल ३१ टक्के भरली, आणि तेथून दीड हातावर, दोन भेगांच्या मध्ये, त्याच खोलीवर ती २० टक्के होती. ज्यांना एकाच भोकावरून भरावाची स्थिती ठरवायची सवय आहे, त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

‘क’ भागात वाळूच्या तळाशी तर ३३ टक्के ओल आढळली. भेग फुगून मिटू पाहते, पण आतली वाळू तिला मिटू देत नाही. पाण्याला खाली उतरण्याची वाट कायम उघडी राहते.

नळ्यांपैकी ‘अ’ भागातील नळीत चक्क पाऊण मीटर पाणी दिसले. एवढ्यात भरावात पाण्याची पातळी तयार होणे शक्य नव्हते. पाहिले तेव्हा कळले, की वाळलेली माती आकसून पाइपापासून सुटली होती आणि त्या फटीतून पाणी सरळ तळाशी गेले होते. पाणी उपसून काढले, पाइपाभोवती ३० सेंटिमीटर माती काढून तेथे बेंटोनाइटची भुकटी भरली आणि वर प्लॅस्टिकची उतरती झालर बांधली. भुकटी ओल्या मातीबरोबर फुगते, त्यामुळे फट धरत नाही. सिमेंटची कडी मात्र करू नये. माती तिच्यापासूनही सुटते.

८ जून २०२४ : मृग

मृगाचा पाऊस वेळेवर आला. ‘अ’ भागातील भेगा वरून मिटू लागल्या आणि पृष्ठभाग सलग दिसू लागला. शेजारचे वयस्कर शेतकरी नमुने घेताना उभे होते. ते म्हणाले, “भेग मिटली म्हंजे पाणी संपलं न्हवं सर, त्ये आत बसलंय.” जिप्सम ब्लॉक हेच सांगत आहेत : एका मीटरवरचा ब्लॉक अर्ध्या मीटरवरच्या ब्लॉकच्या आधी ओला झाला आहे.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. भरावांच्या निरीक्षणाचे बरेचसे परदेशी साहित्य ब्रिटनसारख्या देशांतले आहे. तेथे चिकणमातीचे भराव हिवाळ्यात भिजतात आणि झाडांच्या मुळांमुळे उन्हाळ्यात वाळतात. त्यांचे वेळापत्रक उचलून आपल्याकडे लावता येत नाही. आपला वाळण्याचा काळ लांब आणि तीव्र आहे, भिजण्याची सुरुवात धो-धो आहे, आणि त्या दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे वळवाच्या सरींत, भेगा पूर्ण उघड्या असतात.

२९ जुलै २०२४ : पूर

आठवडाभर घाटमाथ्यावर जोरदार पाऊस आहे. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा फुगल्या असून तालुक्यातील अनेक सखल पूल पाण्याखाली गेले आहेत. ओढ्याचे पाणी तुंबून पश्चिम पायथ्यावर सव्वा मीटर चढले आहे. नमुने घेणे शक्य नाही. रस्ता बंद आहे.

६ ऑगस्ट २०२४ : पाणी ओसरले

पाणी दोन दिवसांत झपाट्याने उतरले आणि त्यानंतरच ‘अ’ भागाच्या पश्चिम पायथ्याची साडेतीन मीटर लांबीची माती घसरली. पूर असेपर्यंत बाहेरचे पाणी उताराला टेकू देत होते. ते गेले, पण आतले पाणी तेवढ्या लवकर बाहेर पडू शकले नाही. नळीत पातळी अजून ८० सेंटिमीटरवर आहे. पूर उतरताना भरावावरून जड वाहने लगेच सोडू नयेत, हे गावकऱ्यांना पटवून दिले आणि आणखी तीन दिवस रस्ता ट्रॅक्टरांसाठी बंद ठेवला.

‘अ’ भागात अर्ध्या मीटरवर ओल ३५, एका मीटरवर ३४, दीड मीटरवर ३१ आणि अडीच मीटरवर अजूनही २९ टक्केच आहे. एवढा पूर येऊनही भरावाचा गाभा एप्रिलइतकाच आहे!

२ सप्टेंबर २०२४ : खानापूरची तुलना

काळ्या मातीतून काढलेले टेन्शिओमीटर खानापूर तालुक्यातील जांभ्या मातीच्या एका भरावात जूनपासून लावले होते. तेथे ते उत्तम चालतात. सर येताच काटा शून्याकडे जातो आणि दोन दिवस उघडीप मिळाली की पुन्हा चढतो. या मातीत फुगणारी खनिजे कमी, निचरा बरा. तेथील दुखणे निराळे आहे : पाणी आत साठत नाही, पण रस्त्यावरून वाहणारे पाणी एकाच ठिकाणी उतरले तर उतारात गुडघाभर घळ पाडते. तेथे पैसा कवचावर घालण्याऐवजी दगडी पन्हाळींवर घालावा. मिरज–लोंढा रेल्वेमार्ग रायबाग–घटप्रभाकडच्या काळ्या मातीतून निघून बेळगाव ओलांडतो आणि खानापूरच्या तांबड्या मातीत शिरतो. एकाच जिल्ह्यात दोन्ही प्रकारच्या भरावांची देखभाल दोन वेगळ्या पद्धतींनी करावी लागते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

२१ ऑक्टोबर २०२४ : परतीचा पाऊस

संपूर्ण वर्षातील सर्वांत महत्त्वाचे नमुने आजचे आहेत. ‘अ’ भागात अर्ध्या मीटरवर ओल ३० टक्क्यांपर्यंत उतरली आहे, पण एका मीटरवर ३५, दीड मीटरवर ३६ आणि अडीच मीटरवर ३४ टक्के आहे. ऑगस्टमध्ये जो गाभा कोरडा होता, तो आता भिजला आहे. जूनमध्ये भेगांतून उतरलेले पाणी मधल्या थरात अडून राहिले, तेथून हळूहळू खाली सरकत गेले आणि चित्रा नक्षत्राच्या पावसाने त्यात भर घातली.

‘ब’ भागात दीड मीटरवर २८ आणि अडीच मीटरवर २९ टक्के ओल आहे. मुरमाचे कवच आणि पायथ्याचा चर हे दोन्ही उपाय एकाच भागात केले असल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. पश्चिम बाजूस चर नाही, तरी तेथेही दीड मीटरवर २९ टक्केच आहे, म्हणून कवचाचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे.

‘क’ भाग दीड मीटरवर ३८ टक्के, म्हणजे न हात लावलेल्या ‘अ’ भागाहूनही ओला आहे. वाळूने भेगा बुजवण्याची पद्धत बंद केली पाहिजे.

२० नोव्हेंबर २०२४ : गळीत हंगाम

कारखाने सुरू झाले आहेत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस या रस्त्याने जात आहेत. शेतांतली वरची माती वापशावर आली आहे, साइडपट्टी पायाला टणक लागते आणि पाहणाऱ्याला भराव वाळला असेच वाटते. खाली मात्र तो वर्षातील सर्वांत ओल्या स्थितीत आहे आणि वर्षातील सर्वांत जड वाहतूक याच वेळी त्यावर आली आहे.

‘क’ भागाची पूर्व कड १४ तारखेच्या रात्री अकरा मीटर लांब आणि दीड फूट खोल खचली. वाळूने भरलेल्या भेगेच्या रेषेवरच माती फाटली आहे. तुटलेल्या कडेत वाळूचा पट्टा उभा दिसतो. कोणाला इजा झाली नाही. ‘अ’ भागात चाकोऱ्या पडून साइडपट्टी चार इंच दबली आहे. ‘ब’ भागात मुरमावर केवळ चाकांचे वळ उठले आहेत.

कारखान्याच्या शेतकी विभागाला विनंती केल्यावर भरलेल्या ट्रॉल्या ‘क’ भागापुरत्या रस्त्याच्या मध्यावरून, एकावेळी एकच, सोडण्याचे त्यांनी मान्य केले.

१६ जानेवारी २०२५

‘अ’ भागात अर्ध्या मीटरवर २२ टक्के, दीड मीटरवर ३३ आणि अडीच मीटरवर ३४ टक्के. गाभा अजून उतरायला तयार नाही. बारीक भेगा पडू लागल्या आहेत.

१० फेब्रुवारी २०२५ : पुढील काम

‘क’ भागातील वाळू उकरून काढून तेथे ‘ब’ प्रमाणे कवच देण्याची परवानगी मिळाली आहे. काम मार्चअखेर सुरू करून मेच्या पहिल्या आठवड्यात संपवायचे आहे, म्हणजे वळवाच्या आधी सर्व भेगा झाकल्या जातील. ‘ब’ भागाला वीस मीटर लांबीसाठी चर आणि मजुरी धरून ७८ हजार रुपये लागले होते. ‘क’ भागाच्या खचलेल्या कडेची पायऱ्या पाडून पुनर्बांधणी धरता एक लाख वीस हजारांचा अंदाज आहे. ‘अ’ भागात पूर्वेच्या बाजूने या वेळी फक्त चर काढला जाईल, कवच दिले जाणार नाही, म्हणजे दोन उपायांचे परिणाम वेगळे मोजता येतील. मुरमाची खाण ठरली आहे. त्याची चाचणी पुढील आठवड्यात आहे.